पात्रता वेगळी, वेग वेगळा

काउंटरवर मशीन ठेवताना गिऱ्हाईक हल्ली एका दमात दोन गोष्टी सांगतं. "लई स्लो झालंय, आणि विंडोज अकरा होत नाही म्हणतंय." सांगणाऱ्याच्या डोक्यात ही एकच तक्रार असते, आणि 'अपग्रेड' केलं की ती मिटणार अशी खात्रीही असते. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना मला जे दिसलं ते असं, की ही दोन वेगळी कामं आहेत. रडतखडत चालणारं मशीन अकरासाठी पात्र असू शकतं आणि पळणारं मशीन अपात्र ठरू शकतं. एका कामाचे पैसे खर्चून दुसरं काम होईल अशी आशा धरली की पैसेही जातात आणि दुकानदाराशी भांडणही होतं.

आमच्या गावात हा प्रश्न जरा जास्तच आहे, आणि त्याचं एक कारण ऑगस्ट २०१९ चा महापूर. हरभट रोड, मारुती चौक, गावभाग इथल्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा मालाबरोबर कॉम्प्युटरही गेले. पाणी ओसरल्यावर हिशेब तर पुन्हा सुरू करायचे होते, पण नवं मशीन घ्यायला हातात पैसे नव्हते. त्या दिवसांत मोठ्या कंपन्यांतून निघालेली, साफ करून पुन्हा विकायला आलेली मशिनं बरीच खपली. चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचा आय-५, आठ जीबी रॅम, जाड पत्र्याचं छोटं कॅबिनेट. दणकट माल होता तो, अजूनही चालतो. घेणाऱ्याच्या लेखी ते मशीन २०१९ चं. आतला प्रोसेसर मात्र २०१३ किंवा २०१५ च्या पिढीतला. "सहाच वर्षं झाली की घेऊन" असं कुणी म्हणालं की मला आधी हा फरक समजावून सांगावा लागतो.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचा नेहमीचा सपोर्ट संपला. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. सकाळी बटण दाबलं की ते सुरू होतं, बिलं निघतात, प्रिंट येते. थांबतं ते एवढंच, की नवी भगदाडं सापडली तर ती बुजवणारे अपडेट येत नाहीत. डोळ्यांना काहीच दिसत नसल्यामुळे लोकांना पटवणं अवघड जातं. "चालतंय ते बदलायचं कशाला?" या प्रश्नाला दाखवता येईल असं उत्तर माझ्याकडे नसतं.

अकराच्या अटी वाचायला सोप्या आहेत. ६४ बिटचा, किमान दोन कोरचा आणि किमान एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. चार जीबी रॅम. ६४ जीबी जागा. यूईएफआय पद्धतीचं बायोस आणि सिक्युअर बूटची सोय. टीपीएम २.०. डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. रॅम आणि जागेच्या अटी माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक मशीन पार करतं. अडतं ते प्रोसेसरच्या अटीला जोडलेल्या एका शेपटाशी. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असला पाहिजे, आणि ती यादी साधारणपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. काही मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याकडच्या टेबलांवर सहसा सापडत नाहीत.

या यादीचा वेगाशी संबंध नाही, याचा सोपा पुरावा मी गिऱ्हाइकाला देतो. आय-७ ७७००के हा जानेवारी २०१७ चा प्रोसेसर. चार कोर, ४.२ गिगाहर्ट्झ, त्या काळी गेम खेळणाऱ्यांचा लाडका. तो यादीत नाही. सेलेरॉन एन४००० हा स्वस्त लॅपटॉपमधला दोन कोरचा प्रोसेसर, मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ. तो यादीत आहे. पहिल्यावर दहा कार्यक्रम एकदम उघडले तरी काही वाटत नाही, दुसऱ्यावर ब्राउझर उघडेपर्यंत चहा संपतो. तरी परवानगी दुसऱ्याला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये यामागची कारणं दिली होती ती सुरक्षेची आणि भरवशाची. अटी पूर्ण न करणाऱ्या मशिनांवर सिस्टिमच्या गाभ्यातले क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त दिसले, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कारण पटो न पटो, कामाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच. मशीन पळतंय की नाही हे बघून पात्रता सांगता येत नाही, प्रोसेसरचा नंबरच वाचावा लागतो.

नंबर वाचला की माझ्या दुकानात मशिनांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात काहीच विकत घ्यावं लागत नाही. मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते आपलं मशीन घेऊन आले. आय-३ ८१००, आठव्या जनरेशनचा, म्हणजे यादीत बसणारा. तरी तपासणीचा प्रोग्रॅम नाही म्हणत होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की टीपीएमची चिप नाही, नवा बोर्ड घ्यावा लागेल. खरं तर टीपीएम म्हणजे कुलूपबंद माहितीच्या किल्ल्या वेगळ्या जागी सांभाळण्याची सोय, आणि या काळातल्या बहुतेक मशिनांत ती वेगळी चिप न बसवताही मिळते. इंटेलच्या बोर्डांवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. असेंबल केलेल्या मशिनांत ती बायोसमध्ये बंद पडून असते, कारण २०१८ मध्ये ती चालू करायचं कुणाला कारणच नव्हतं.

पीटीटी चालू करणं हे एका मिनिटाचं काम. खरी मेहनत पुढे असते. जुन्या सवयीच्या असेंबलरने विंडोज 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्क असते एमबीआर पद्धतीची. सिक्युअर बूटसाठी यूईएफआय हवं, त्यासाठी डिस्क जीपीटी पद्धतीची हवी. डेटा न पुसता हे बदलायला विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं हत्यार आहे. पण त्याला डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन चालत नाही, आणि तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनही चालत नाहीत. आपल्याकडे तर नव्या मशिनाची सी, डी, ई, एफ अशी वाटणी करून देणं हा असेंबलरचा धर्मच होता. डी मध्ये हिशेब, ई मध्ये फोटो, एफ मध्ये सिनेमे. त्यामुळे आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, तो उघडतोय का ते मालकाला समोर बसवून बघायचं, जास्तीची पार्टिशनं काढायची, मग हत्यार चालवायचं. शेवटी बायोसमध्ये जुन्या पद्धतीची सोय, म्हणजे सीएसएम, बंद करायची. मशिनात फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर या टप्प्यावर स्क्रीन काळी राहू शकते, म्हणून केबल आधी बोर्डाच्या पोर्टला लावून बघायची.

अडत्यांचं मशीन पात्र झालं, अकरा बसलं. बिलात फक्त मजुरी होती. पैसे देताना ते म्हणाले, "पण दादा, हे होतं तेवढंच हळू हाय की!" असणारच होतं. आतली हार्ड डिस्क तीच फिरती, जुनी. पात्रतेचं काम झालं होतं, वेगाचं झालंच नव्हतं. ते हवं असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घ्या, रॅम चार जीबी आहे ती आठ करा, त्याचं बिल वेगळं, असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. हळदीचा हंगाम तोंडावर होता, दिवसभर पट्ट्या काढायच्या होत्या, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. एसएसडी टाकल्यावर जो फरक पडतो तो कुणालाही दिसतो. पण तो दहावरही तेवढाच दिसला असता. हे मी मुद्दाम बोललो, कारण नाहीतर ते यार्डात सगळ्यांना सांगत फिरले असते की अकरा टाकल्यावर मशीन पळतं.

दुसऱ्या गटात एखादा भाग बदलून काम होतं. हा गट लहान आहे, आणि त्यात एएमडीवाले बरेच नशीबवान. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा रायझन ५ १४०० आणि बी३५० बोर्ड असलेलं मशीन घेऊन आला. २०१७ चा माल. एसएसडी होती, सोळा जीबी रॅम होती, वेगाची तक्रार अजिबात नव्हती. पण पहिल्या पिढीचा रायझन यादीत नाही. एएमडीने त्या वेळचं एएम४ सॉकेट पुढे अनेक वर्षं चालवलं, आणि २०२२ मध्ये बी३५० सारख्या जुन्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५५०० बसवता आला. रॅम तीच, एसएसडी तीच, ग्राफिक्स कार्ड तेच.

अशा कामात दोन ठिकाणी जपावं लागतं. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून ते काम यूपीएसवर, आणि पावसाळी संध्याकाळी तर नाहीच. दुसरं, नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना बोर्ड विचारतो की आधीचा एफटीपीएम पुसू का. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर इथे 'हो' म्हणणं म्हणजे आपल्याच डेटाला मुकणं. म्हणून आधी बिटलॉकर बंद करायचं, किल्ली कागदावर उतरवायची, मग कॅबिनेट उघडायचं.

इंटेलवाल्यांना हे सुख नाही. एका कर सल्लागारांकडे आय-७ ७७०० होता. त्यांनी वाचलं होतं की आठव्या जनरेशनचं सॉकेटही ११५१ च आहे, मग फक्त प्रोसेसर बदलू. बसतो तो. पण सहाव्या-सातव्या जनरेशनसाठी आलेले १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड त्याला चालवत नाहीत. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही, असा प्रकार. शिवाय त्यांनी दुसऱ्या एका दुकानातून टीपीएमचं वेगळं मॉड्यूल घेऊन ठेवलं होतं. ते बोर्डाच्या पिनांवर बसलंही असतं, पण त्याने प्रोसेसर यादीत जात नाही. मॉड्यूल परत करा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

तिसऱ्या गटात पुराच्या वर्षातली ती सगळी मशिनं येतात. इथे पात्र करणं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा रॅमही बदलणं, कारण चौथ्या जनरेशनची रॅम डीडीआर३ आणि नवीन बोर्ड डीडीआर४ किंवा डीडीआर५ चे. उरतं काय, तर कॅबिनेट आणि एसएसडी. कंपनीतून निघालेल्या ब्रँडेड मशिनांचे तर बोर्ड आणि एसएमपीएससुद्धा वेगळ्या मापाचे, बाजारातला बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसतच नाही. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. अशा मशिनावर पैसे घालू नका, हे मी सरळ सांगतो. एक विक्री जाते, पण तो माणूस पुढच्या वेळी माझ्याकडेच येतो.

तरुण मुलं म्हणतात, "सर, रुफसने टाकून द्या की, होतंय." होतं, हे खरं आहे. त्या प्रोग्रॅमने अटींची तपासणी वगळून अकरा टाकता येतं, आणि बऱ्याच मशिनांवर ते नीट चालतंही. स्वतःच्या अभ्यासाच्या मशिनावर कुणी तसं करत असेल तर मी अडवत नाही. पण ज्या मशिनावर दुसऱ्यांचे हिशेब, बँकेचे व्यवहार, पेशंटची माहिती आहे, तिथे मी ते करून देत नाही. अशा मशिनांना अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती आपोआप येत नाही. २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागायला लागल्या, आणि कोअर २ ड्युओवर वळसा घालून बसवलेल्या अकराची वाट तिथे संपली. दुरुस्ती करून दिलेलं मशीन पुढच्या वर्षी कुणाच्या तरी निर्णयाने अडणार, हे ठाऊक असताना त्याची पावती मी कशी फाडू?

मग अशा लोकांनी करायचं काय? इथे पुन्हा तेच, की मशिनाकडून कोणतं काम हवं आहे ते आधी बघायचं. चौथ्या जनरेशनचं मशीन असलेले एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांना मराठीत लिहायचं असतं, ईमेल बघायची असते, व्याख्यानं ऐकायची असतात. "सर, तुम्हाला विंडोजच हवं का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "मला अक्षरं मोठी दिसली पाहिजेत आणि इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड पाहिजे." त्यांच्या मशिनावर एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवलं. हयातीचा दाखला ते मोबाइलवर चेहरा दाखवून देतात, त्यामुळे बोटाच्या ठशाच्या यंत्राचा प्रश्नही आला नाही.

उलट लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांचं सगळं काम जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर, त्याला मागे यूएसबीचं लॉक लावायचं. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्यात. त्यांना अकराही नको आणि लिनक्सही चालणार नाही. ताईंना मी सांगितलं, या मशिनाची इंटरनेटची वायर काढा, व्हॉट्सअॅप आणि ईमेल दुसऱ्या साध्या मशिनावर घ्या, पेनड्राइव्ह तिथे तपासूनच इकडे लावा, आणि फाइलींच्या दोन प्रती ठेवा. इंटरनेटवर न जाणाऱ्या मशिनाची कामापुरती उमर अजून शिल्लक आहे.

या दोघांच्या मधे बरेच लोक असतात, ज्यांना विंडोजच हवं, इंटरनेटही हवं, पण नव्या मशिनाचे पैसे लगेच काढता येत नाहीत. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलरचा पर्याय आहे. मी ही नोंदणी करून देतो आणि कॅबिनेटवर तारखेची चिठ्ठी चिकटवतो. ही सवड नवं मशीन घ्यायला पैसे साठवण्यासाठी आहे, विसरून जाण्यासाठी नाही.

मशीन बदलायचंच ठरलं तर जुन्याचं काय, हाही कामाचाच भाग. आधी डिस्क काढून घ्या किंवा नीट पुसून घ्या. रिसायकल बिन रिकामं केलं म्हणजे डेटा गेला असं होत नाही. चालू मशीन लिनक्स टाकून एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला देता येतं. बंद पडलेलं मशीन भंगारवाल्याच्या गाड्यावर न टाकता नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बोर्डातल्या शिशाचा धूर शेवटी आपल्याच गावात पसरतो.

दुकानाची पायरी चढण्याआधी घरी एवढं करा. सेटिंगमध्ये जाऊन 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडा. प्रोसेसरच्या नावात 'आय-३', 'आय-५' किंवा 'आय-७' नंतर चार आकडे असतील आणि त्यातला पहिला २ ते ७ मधला असेल, तर टीपीएम आणि सिक्युअर बूटची चर्चाच करू नका; प्रश्न प्रोसेसरचा आहे. तो ८ किंवा ९ असेल तर भाग विकत घेण्याआधी बायोस तपासून मागा. आणि कुठल्याही दुकानात जा, बिलात दोन ओळी वेगळ्या मागा: पात्रतेसाठी किती आणि वेगासाठी किती. दुकानदाराला या दोन ओळी वेगळ्या करून सांगता येत नसतील, तर मशीन उचला आणि दुसरं दुकान बघा.